सभाबंदीच्या राज्यांतील एक शाळा

गांवचा कारभार कसा चालावा याचा विचार गांवकऱ्यांनीं एकत्र बसून करावा, ही गोष्ट इतकी साधी वाटते कीं, तिच्यासाठीं कोणाला झगडावें लागलें असेल अशी शंकाहि सहसा येत नाहीं. इंग्लंडमध्यें १८३५ च्या कायद्यानें अनेक जुन्या शहरांतून करदात्यांनीं निवडलेल्या नगरसभा आल्या, आणि रस्ता, पाणी, शाळा यांसाठीं जाहीर सभा भरवून चळवळ करणें हा तेथील लहान गांवांचाहि नित्याचा परिपाठ झाला. हिंदुस्थानांत लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ सालीं झाला आणि मुंबई इलाख्यांतील शहरांमधून करदात्यांना, मर्यादित कां होईना, मताचा हक्क मिळूं लागला. परंतु नगर जिल्ह्याची पूर्वेकडील शीव ओलांडून बीड जिल्ह्यांत पाऊल टाकलें कीं, भाषा तीच, पीकपाणी तेंच, सणवारहि तेच. पण नागरिकाचा दर्जा मात्र पालटत असे. तेथें निजामाचें राज्य होतें.

हैदराबाद संस्थानांत सोळा जिल्हे होते. त्यांपैकीं औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पांच मराठी, आठ तेलुगु आणि तीन कानडी. कचेरीचा व न्यायालयाचा व्यवहार उर्दूंत चाले. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षणहि उर्दूंतूनच देण्यास आरंभ केला. इंग्रजीऐवजीं देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग स्वतः मोठ्या योग्यतेचा होता. परंतु प्रजेंतील बहुसंख्य लोकांची ती मातृभाषा नव्हती, आणि त्यांच्या मुलांच्या वाटेंत तो प्रयोग पायरी न होतां उंबरठा होऊन बसला. याविषयीं चार शब्द बोलावयाचे, तर तेंहि सोपें नव्हतें. ‘गश्ती निशाण ५३’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या सरकारी हुकुमान्वयें सभेला आगाऊ परवानगी लागे. खासगी शाळा व व्यायामाचे आखाडे यांवरहि तशींच बंधनें होतीं. गाऱ्हाणें मांडण्याची परवानगी, ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें त्यांच्याकडेच मागावी, असा तो न्याय होता.

अशा राज्यांत लोकजागृतीनें सभेचा मार्ग सोडून शाळा व वाचनालय यांचा आश्रय घेतला. परभणीस गणेश वाचनालय १९०१ सालीं निघालें. गुलबर्ग्यास नूतन विद्यालय १९०७ सालीं आणि औरंगाबादेस सरस्वती भुवन १९१५ सालीं. बीड जिल्ह्यांत हें कार्य अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेनें अंगावर घेतलें. तिचा आरंभ १९१७ चा.

अंबाजोगाई हें गांव लहान, पण मराठीच्या इतिहासांत त्याचें स्थान मोठें. आद्यकवि मुकुंदराज यांची समाधि परंपरेनें येथेंच दाखविली जाते. लांबच लांब वस्त्रावर ग्रंथ लिहून ठेवणारे दासोपंत येथलेच. आणि कोंकणांतील कित्येक घराण्यांची कुलस्वामिनी योगेश्वरी जयंती नदीच्या कांठीं येथेंच वसलेली. निजामी अंमलांत या गांवाला मोमिनाबाद म्हणत, आणि हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या घोडदळाची छावणी येथें असे. एका बाजूस संतकवींचा वारसा व दुसऱ्या बाजूस छावणी, अशा या गांवीं लोकांनीं देवीचें नांव देऊन आपली शाळा उभी केली.

शाळा चालविणें म्हणजे केवळ मुलांना लिहावयास शिकविणें नव्हे. वर्गणी मागावयाची तर दारोदार जावें लागतें. वर्गणी मिळाली कीं हिशेब ठेवावा लागतो, आणि तो देणाऱ्यांपुढें मांडावाहि लागतो. त्यासाठीं मंडळ निवडावें लागतें. मंडळांत मतभेद झाले तर बहुमत मानावें लागतें. लोकशाहीचे सारे पाठ या उद्योगांत येऊन जातात. ज्या राज्यांत नगरसभेसाठीं खरें मतदान नव्हतें, तेथें शाळेच्या बैठकींत नागरिक घडत होता. पहारा सभेवर होता. पण हिशेबाच्या वहीवर पहारा कोण ठेवणार?

१९३५ सालीं या शाळेंत स्वामी रामानंद तीर्थ आले. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ चा, सिंदगीचा. ना. म. जोशी यांच्याबरोबर त्यांनीं कामगारांमध्यें काम केलें होतें आणि त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगे येथें, १९२१ सालीं निघालेल्या राष्ट्रीय शाळेची धुरा वाहिली होती. अंबाजोगाईंत त्यांना बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांची साथ लाभली. संन्यासी असून मठ न करणारा आणि शिक्षक असून शाळेच्या भिंतींबाहेर पाहणारा हा पुरुष येतांच, शाळेपुढें एक अवघड प्रश्न उभा राहिला.

तो प्रश्न असा : शाळा जगविण्यासाठीं राजकारणापासून दूर राहावें, कीं ज्या हक्कांसाठीं शाळा काढली ते हक्क उघडपणें मागावे? शाळेची परवानगी सरकारच्या हातीं होती. पोटाला चिमटा घेऊन मुलांची फी भरणाऱ्या पालकांना, संस्था बंद पडेल ही भीति वाटावी यांत नवल नव्हतें. ती भीति भ्याडपणाची म्हणतां येणार नाहीं. वर्षानुवर्षें जपलेली एकुलती एक ठेव सांभाळण्याची ती काळजी होती. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर, मुलांना नागरिकत्वाचे धडे देऊन नागरिकत्व मागावयाच्या वेळीं मौन धरणें हेंहि शिक्षकाला शोभणारें नव्हतें.

काळानें निवड करण्यास भाग पाडलें. १९३७ च्या जून महिन्यांत परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें. दुसरें १९३८ सालीं लातूरला भरलें. मराठी जिल्ह्यांतील पांढरपेशा वर्गाला आपले प्रश्न एका व्यासपीठावर मांडतां आले. स्वामीजींनीं परिषदेचें काम पत्करलें आणि शाळा सोडली. संस्था वांचावी व चळवळहि चालावी, यासाठीं माणसानें संस्थेंतून बाहेर पडावें, हा त्यांनीं काढलेला मार्ग होता. त्याची किंमत त्यांनीं स्वतः दिली. स्टेट काँग्रेस विधिपूर्वक स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली, आणि २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनीं तुरुंगवास पत्करला. त्याच वेळीं आर्य समाज व हिंदु सभा यांचेहि सत्याग्रह चालू होते. नागरिक हक्कांची ही मागणी धार्मिक भांडणांत मिसळूं नये म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानें डिसेंबरांत स्टेट काँग्रेसनें आपला सत्याग्रह तहकूब केला. बंदी मात्र १९४६ पर्यंत उठली नाहीं.

पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तरी हैदराबाद बाहेरच राहिलें. रझाकारांचा जाच वाढला, कार्यकर्ते तुरुंगांत गेले किंवा सरहद्दीवरील छावण्यांतून लढले, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानें शरणागति पत्करली. या लढ्याला धर्माची सीमा नव्हती; विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांना त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें प्राण गमवावे लागले. आणि विजयानंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमानांवर सूड उगविला गेला, हेंहि विसरतां येत नाहीं. सुंदरलाल समितीच्या अहवालांत अशा जिल्ह्यांमध्यें बीडचें नांव आहे. वर्गणी, हिशेब व बैठक यांचें शिक्षण समाजाच्या एका लहान थरापर्यंतच पोहोंचलें होतें. तें जेथें पोहोंचलें नव्हतें तेथें विजयाचा अर्थ सूड असा झाला. चळवळीच्या यशाबरोबर ही उणीवहि इतिहासानें नोंदवून ठेविली आहे.

१९५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्या जिल्ह्यांत सभेला परवानगी लागत होती तेथें आतां प्रौढ स्त्रीपुरुषांपैकीं प्रत्येकाला मत होतें. बीडच्या मतदारांनीं लोकसभेवर रामचंद्र गोविंद परांजपे यांना, म्हणजे बाबासाहेबांना, निवडून दिलें. ते काँग्रेसच्या तिकिटावर उभे नव्हते; पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे उमेदवार होते. पुढें १९६७ सालीं याच मतदारसंघानें साताऱ्याकडील क्रांतिसिंह नाना पाटील यांना निवडलें. मतदार आपल्या मतानें चालूं लागला होता, याची ही साक्ष होय.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजीं निवर्तले. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचें नांव आहे. परंतु त्यांचें आणि त्या गांवाचें खरें स्मारक दुसरेंच आहे. लोकशाही राजधानींत जाहीर होते. पण तिची तयारी कोणत्या तरी आडबाजूच्या गांवीं, वर्गणीची पावती फाडतांना आणि वर्षअखेरीचा हिशेब वाचून दाखवितांना, आधींच होऊन गेलेली असते. जेथें ती झालेली नसते, तेथें स्वातंत्र्य आलें तरी नागरिक यावयाचा राहतो.