पेर्सॉन (मांडणशिल्प)

पेर्सॉन हे फ्रेंच कलावंत क्रिस्तियाँ बोल्तान्स्की (६ सप्टेंबर १९४४ – १४ जुलै २०२१) यांचे मृत्यू आणि स्मृती या विषयांवरील भव्य मांडणशिल्प होय. पॅरिस येथील ग्राँ पाले या वास्तूत १३ जानेवारी ते २१ फेब्रुवारी २०१० या काळात ते मांडण्यात आले होते. एकेका कलावंताकडे ग्राँ पालेचे संपूर्ण मुख्य दालन सोपवणाऱ्या 'मोन्युमेंता' या उपक्रमातील हे तिसरे प्रदर्शन होते. यापूर्वी आन्सेल्म कीफर (२००७) व रिचर्ड सेरा (२००८) यांनी हे दालन वापरले होते. पेर्सॉननंतर २०११ मध्ये मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे 'लेव्हायथन' येथे उभे राहिले.

== नाव ==
फ्रेंच भाषेत 'पेर्सॉन' या शब्दाचा अर्थ 'व्यक्ती' असा होतो. तोच शब्द नकारार्थी वाक्यात आला की 'कोणीही नाही' असा अर्थ देतो. शीर्षकात अनेकवचन योजले असले तरी उच्चारात एकवचन व अनेकवचन यांतील भेद ऐकू येत नाही, त्यामुळे नुसते नाव ऐकणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदमच भेटतात. मराठीत हा श्लेष साधणारा शब्द नाही.

== मांडणी ==
१९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या ग्राँ पालेच्या या दालनाचे क्षेत्रफळ सुमारे १३,५०० चौरस मीटर असून छत लोखंड व काचेचे आहे. आत शिरताच प्रेक्षकाची वाट गंजलेल्या बिस्किटांच्या डब्यांची एक उंच भिंत अडवत असे. डब्यांवर केवळ क्रमांक होते, नावे नव्हती.

भिंतीला वळसा घातल्यावर जमिनीवर पसरलेले जुन्या कपड्यांचे ६९ आयत दिसत. कोट, स्वेटर, लहान मुलांचे सदरे असे सारे कपडे पालथे अंथरलेले होते. प्रत्येक आयताच्या कोपऱ्यांवर खांब व मध्ये टांगलेली एक ट्यूबलाइट, एवढीच सजावट होती. ध्वनिक्षेपकांतून माणसांच्या हृदयाचे ठोके ऐकू येत. जवळ गेल्यास एखाद्याचे ठोके वेगळे ओळखता येत, पण दालनाच्या मध्यावर ते सर्व मिसळून कारखान्याच्या यंत्रांसारखा एकच घोष होई.

या आयतांच्या पलीकडे कपड्यांचा सुमारे दहा मीटर उंचीचा डोंगर रचला होता. त्यावर टांगलेल्या क्रेनचा लाल पंजा खाली येई, हाताला लागतील तेवढे कपडे उचलून वर नेई आणि पुन्हा ढिगावर सोडून देई. तो कोणते कपडे उचलतो यामागे काहीच नियम नव्हता. कोण जगतो व कोण मरतो हे ठरवणारी आंधळी नियती या पंजातून सूचित होते, असे बोल्तान्स्की सांगत. जत्रेत खेळणी उचलणाऱ्या यंत्राशीही त्याचे साम्य आहे, आणि हे साम्यच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

प्रदर्शन ऐन हिवाळ्यात भरवावे व दालन तापवू नये, असा कलावंताचा आग्रह होता. चित्रासमोर उभे राहण्याऐवजी प्रेक्षकाने कलाकृतीच्या आतच वावरावे, ही त्यामागील भूमिका. अंगावरचा कोट घट्ट ओढून घेणारा प्रेक्षक जमिनीवरील रिकाम्या कोटांमधून चालत असे.

== पार्श्वभूमी ==
बोल्तान्स्की यांचा जन्म पॅरिस नाझींच्या ताब्यातून मुक्त झाल्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी झाला. त्यांचे वडील ज्यू वंशाचे डॉक्टर होते व जर्मन अंमलाच्या काळात राहत्या घरातच फरशीखालच्या जागेत लपून राहिले होते. घरी येणाऱ्या वडिलांच्या परिचितांपैकी अनेक जण छळछावण्यांतून वाचलेले होते. त्यांच्या आठवणी ऐकतच हा मुलगा वाढला.

साहजिकच पेर्सॉनमधील कपड्यांच्या राशी पाहून अनेकांना छळछावण्यांची आठवण झाली. १९८८ च्या 'रिझर्व्ह : कॅनडा' या कलाकृतीतही त्यांनी जुने कपडेच वापरले होते; आउशवित्झमध्ये कैद्यांच्या हिसकावलेल्या वस्तूंच्या कोठाराला 'कॅनडा' म्हणत. तरीही आपली कला ज्यू-संहाराविषयी नसून त्याच्या नंतरची आहे, असे ते म्हणत. स्वित्झर्लंडमधील वृत्तपत्रांतील मृतांची छायाचित्रे त्यांनी अन्यत्र वापरली, ती याच कारणासाठी : स्विस माणसाला मरण्याचे कोणतेही ऐतिहासिक कारण नसते, म्हणून तो कोणीही असू शकतो. हे स्पष्टीकरण पूर्णतः पटण्याजोगे नाही. आयत, खांब व क्रमांक एकत्र आल्यावर प्रेक्षकाने इतिहास बाजूला ठेवावा, ही अपेक्षा अवघड आहे.

== पुढील प्रवास ==
कपडे पुनर्वापरासाठी परत जातील, हे आधीच ठरलेले होते. मूळ कलाकृती त्यामुळे शिल्लक नाही. तिची वेगळी रूपे २०१० मध्येच न्यूयॉर्क (पार्क अव्हेन्यू आर्मरी, 'नो मॅन्स लँड' या नावाने) व मिलान येथे मांडली गेली. बोल्तान्स्की यांच्या मते अशी कृती संगीताच्या संहितेसारखी असते. वादक बदलला तरी ती पुन्हा वाजवता येते.

ग्राँ पालेत येणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके ध्वनिमुद्रित करण्याचीही सोय होती. हा संग्रह जपानमधील तेशिमा या लहानशा बेटावर २०१० मध्ये उघडलेल्या 'हृदयांच्या संग्रहालया'त ठेवला आहे. तेथे एकेका व्यक्तीचे ठोके एका अंधाऱ्या खोलीत ऐकवले जातात आणि त्यांच्या तालावर खोलीतील एकुलता एक दिवा उजळतो व विझतो. ती व्यक्ती हयात आहे की नाही, हे ठोक्यांवरून कळत नाही.