व्यसनमुक्तीचा सल्ला आणि समाजाचे अंतरंग : कृष्णवर्णीय अमेरिकनांचा अनुभव

११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांनी धूम्रपान व आरोग्य यांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. सिगारेट हे पुरुषांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असा त्याचा स्पष्ट निष्कर्ष होता. त्यानंतरच्या पाव शतकात सिगारेट सोडविण्यासाठी पुस्तिका, वर्ग, वैद्यकीय सल्ला असे अनेक उपाय त्या देशात योजले गेले. या सर्वांच्या मुळाशी एक अनुच्चारित गृहीतक होते. धूम्रपान करणारा मनुष्य सर्वत्र एकाच प्रकारचा असतो, आणि म्हणून त्याला द्यावयाचा सल्लाही एकच असू शकतो, असे मानले जाई. प्रत्यक्षात तो ‘सर्वसामान्य’ मनुष्य बहुधा गोरा, मध्यमवर्गीय आणि दिवसाकाठी वीस सिगारेटी ओढणारा होता. हे गृहीतक प्रथम कोणी सोडले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला, तर मिळणारे उत्तर काहीसे अस्वस्थ करणारे आहे. ते वैद्यांनी नव्हे, सिगारेटच्या व्यापाऱ्यांनी सोडले होते.

मेन्थॉलयुक्त सिगारेटचा वृत्तांत या दृष्टीने उद्बोधक आहे. मेन्थॉल हे पुदिन्याच्या जातीच्या वनस्पतींत आढळणारे द्रव्य असून त्याने घशास थंडावा वाटतो व धुराचा तिखटपणा जाणवत नाही. ब्राउन अँड विल्यमसन कंपनीने १९३३ साली ‘कूल’ ही मेन्थॉल सिगारेट बाजारात आणली. ‘सेलम’ ही आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीची सिगारेट १९५६ साली आली. आरंभी या सिगारेटींचा कृष्णवर्णीय समाजाशी विशेष संबंध नव्हता. १९५३ साली फिलिप मॉरिस कंपनीसाठी झालेल्या एका पाहणीत ‘कूल’ पसंत करणारांचे प्रमाण गोऱ्यांत शेकडा २, तर कृष्णवर्णीयांत शेकडा ५ इतकेच आढळले. परंतु हा अल्प फरक व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटला नाही. १९६० नंतर ‘एबनी’सारख्या, कृष्णवर्णीय वाचकांसाठी निघणाऱ्या मासिकांतून मेन्थॉल सिगारेटच्या जाहिराती वाढत गेल्या व त्यांतील स्त्रीपुरुषही त्याच समाजातील दिसू लागले. २ जानेवारी १९७१ पासून नभोवाणी व दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या, तेव्हा शहरांतील कृष्णवर्णीय वस्त्यांमधील जाहिरात-फलकांना अधिकच महत्त्व आले. १९७५ पासून ‘कूल’च्या नावाने जाझ संगीताचे महोत्सव भरू लागले. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांनाही तंबाखू कंपन्यांकडून देणग्या मिळत गेल्या. या प्रयत्नांचे फळ असे की अलीकडील पाहण्यांत धूम्रपान करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा ८० हून अधिक लोक मेन्थॉल सिगारेट ओढतात, असे दिसते. ज्या आवडीला आज त्या समाजाची ‘संस्कृती’ म्हणून संबोधले जाते, ती बऱ्याच अंशी दोन-तीन पिढ्यांत घडविली गेलेली आहे.

या घडणीची जाणीव समाजाला तीव्रतेने झाली ती १९९० साली. रेनॉल्ड्स कंपनीने ‘अपटाउन’ नावाची मेन्थॉल सिगारेट काढून फिलाडेल्फिया शहरात तिची चाचणी-विक्री करण्याचे योजिले, आणि ती मुख्यतः कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी आहे हे लपवून ठेवले नाही. शहरातील धर्मोपदेशक, आरोग्य-कार्यकर्ते व नागरिक यांनी एकत्र येऊन विरोध संघटित केला. जानेवारीत अमेरिकेचे आरोग्यमंत्री लुइस सलिव्हन यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील भाषणात कंपनीचा जाहीर निषेध केला. सलिव्हन हे स्वतः कृष्णवर्णीय वैद्य होते व मोअरहाउस वैद्यकीय विद्यालयाचे संस्थापक म्हणून त्यांचा लौकिक होता. कंपनीने ही योजना तत्काळ मागे घेतली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू कॅल्व्हिन बट्स यांनी सिगारेट व मद्य यांच्या जाहिरात-फलकांना पांढरा रंग फासण्याची मोहीम चालविली. धूम्रपान ही केवळ व्यक्तीची दुर्बलता नसून समाजावर बाहेरून लादली गेलेली आपत्ती आहे, हा विचार या घटनांमुळे बळावला.

सल्ला देण्याच्या पद्धतीवर या विचाराचा परिणाम झाल्यावाचून राहिला नाही. फिलाडेल्फिया येथील फॉक्स चेस कर्करोग केंद्रात काम करणारे रॉबर्ट रॉबिन्सन हे अपटाउन-विरोधी चळवळीत होते. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून १९९२ साली ‘पाथवेज टू फ्रीडम’, म्हणजे मुक्तीच्या वाटा, ही पुस्तिका तयार झाली. कृष्णवर्णीय चेहऱ्यांची छायाचित्रे छापून ती थांबली नाही. मेन्थॉलचा प्रश्न, वस्त्यांवर केंद्रित झालेली जाहिरातबाजी, कुटुंब, चर्च व शेजार यांचा आधार या विषयांना तिने सल्ल्यातच स्थान दिले. दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या कर्करोग माहिती सेवेच्या साहाय्याने या पद्धतीची परीक्षाही झाली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तांतानुसार, वर्षअखेर ज्यांचा मागोवा घेतला गेला त्यांपैकी समाजानुरूप सल्ला मिळालेल्यांत सिगारेट सोडणारांचे प्रमाण शेकडा सुमारे १५, तर नेहमीचा सल्ला मिळालेल्यांत सुमारे ९ होते. लाभ मोठा नव्हे. तथापि तो दुर्लक्षणीयही नव्हे.

याच सुमारास ‘समाजानुरूप’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, याची तात्त्विक चर्चा सुरू झाली. केन रेस्निकाउ व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली बाह्यरचना व अंतर्रचना असा भेद मांडला. भाषा, चित्रे, संगीत, वेशभूषा ही झाली बाह्यरचना. तिच्यामुळे सल्ला ऐकला जातो. समाजाचा इतिहास, त्याची मूल्ये, त्याच्यावर असलेले आर्थिक-सामाजिक दडपण ही अंतर्रचना. तिच्यामुळे सल्ला पटतो. हा भेद उपयुक्त खरा, परंतु अंतरंग जाणल्याचा दावा करणाऱ्यालाही प्रमाण द्यावे लागते. कृष्णवर्णीय लोक सरासरीने गोऱ्यांपेक्षा कमी सिगारेटी ओढतात. तरीही त्या समाजातील पुरुषांवर फुप्फुसाच्या कर्करोगाचा भार अधिक असल्याचे १९९८ च्या सर्जन जनरल-अहवालात नमूद आहे. १९९८ सालीच प्रसिद्ध झालेल्या रक्ततपासण्यांवरून असे दिसले की प्रत्येक सिगारेटमागे त्यांच्या शरीरात निकोटिनचा अवशेष अधिक प्रमाणात आढळतो. म्हणजे दिवसाला दहा सिगारेटी ओढणारा ‘सौम्य’ धूम्रपानी मानला जाऊन उपचारांच्या प्रयोगांतून वगळला जात होता. आणि असे धूम्रपानी तर या समाजात विपुल होते.

अशा लोकांसाठीच कॅन्सस सिटी येथील स्वोप आरोग्य केंद्रात एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००६ साली जसजित अहलुवालिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. दिवसाला दहा किंवा त्याहून कमी सिगारेटी ओढणारे ७५५ कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष त्यात सहभागी झाले होते. काहींना प्रेरक संवादाच्या पद्धतीने, म्हणजे उपदेश न करता त्यांच्याच मनातील द्विधा त्यांच्याकडून वदवून घेत, सल्ला दिला गेला. इतरांना सिगारेटचे अपाय व ती सोडण्याचे उपाय सरळ सांगितले गेले. उपदेश टाळणारी पद्धत श्रोत्याचा अधिक आदर करते, म्हणून तीच अधिक फलदायी ठरावी, असे कोणासही वाटेल. सहा महिन्यांनी घडले ते नेमके उलट. सरळ माहिती मिळालेल्यांत शेकडा १६.७, तर प्रेरक संवाद झालेल्यांत ८.५ लोकांनी सिगारेट सोडली होती. समाजाला काय रुचेल हे त्याच्या वतीने ठरविणारा हितचिंतकही चुकू शकतो, हा या प्रयोगाचा खरा धडा होय.

अंतर्रचनेचे महत्त्व अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होते. त्यांच्यातील अनेक जमातींत तंबाखू ही पवित्र वनस्पती असून प्रार्थनेत व विधींत तिला स्थान आहे. १८८३ च्या सरकारी नियमांनी त्यांचे कित्येक विधी दंडनीय ठरविले होते. त्यांच्या धर्मस्वातंत्र्याला संरक्षण देणारा कायदा १९७८ साली झाला. ज्यांची उपासनाच एकेकाळी गुन्हा ठरली, त्यांना तंबाखू सर्वथा त्याज्य आहे असे सांगणे म्हणजे जुन्या जखमेवर मीठ चोळणे होय. म्हणून त्यांच्यासाठी आखलेल्या ‘ऑल नेशन्स ब्रेथ ऑफ लाइफ’सारख्या कार्यक्रमांत विधीची तंबाखू व दुकानातील सिगारेट यांत भेद केला जातो. पहिलीचा मान राखण्यासाठी दुसरी सोडावी, असा तेथील युक्तिवाद आहे. नेहमीच्या सल्ल्याचे नुसते भाषांतर करून तो सुचला नसता.

तथापि समुपदेशनाची मर्यादाही याच इतिहासात दिसते. २००९ च्या कायद्याने अमेरिकेत सिगारेटींतील इतर स्वादांवर बंदी आली, पण मेन्थॉल तीतून वगळले गेले. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० साली व कॅलिफोर्नियाने २०२२ साली त्यांच्यापुरती मेन्थॉल सिगारेटची विक्री थांबविली. देशव्यापी बंदीचा प्रस्ताव एप्रिल २०२२ मध्ये मांडला गेला व जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. एका बाजूस समुपदेशक एकेका व्यक्तीची सवय सोडवीत असता, दुसऱ्या बाजूस ती सवय लावणारी वस्तू त्याच वस्तीत उजळ माथ्याने विकली जाते. अशा स्थितीत ‘संस्कृती’ हा शब्द जपून वापरणे अगत्याचे ठरते. व्यापाराने जे घडविले त्याचा दोष समाजाच्या संस्कृतीवर लादला, तर सल्ला कितीही समाजानुरूप असला तरी तो अखेर समाजालाच आरोपी करतो. उलट, ही सवय कशी लावली गेली हे ज्या सल्ल्यात प्रथम सांगितले जाते, तो ऐकणाऱ्याला अपराधी न ठरविता त्याचे स्वातंत्र्य त्याच्या स्वाधीन करतो. फिलाडेल्फियातील त्या पुस्तिकेच्या नावात ‘मुक्ती’ हा शब्द आला, तो याच अर्थाने समर्पक होता.