पलंग, कंटाळा आणि गोष्ट : गरोदरपणातल्या सक्तीच्या विश्रांतीचा इतिहास



आजचा विषय कानाला किरकोळ वाटेल, पण तो घराघरातला आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डॉक्टर एखाद्या बाईला सांगतात, ‘आता बाळंतपणापर्यंत पडून राहायचं.’ कधी रक्तस्राव असतो, कधी जुळं असतं, कधी कळा लवकर सुरू होण्याची भीती असते. घर लगेच कामाला लागतं. औषधं येतात, डबा येतो, उशा येतात. पण आठवड्याभरानं ती म्हणते, ‘फार कंटाळा आलाय हो,’ तेव्हा घर जरा दुखावतं. ‘बाळासाठी एवढंही होत नाही का?’ मग ती गप्प होते. आपण आज त्या कंटाळ्याचा इतिहास पाहणार आहोत, आणि आपलं म्हणणं आधीच सांगून टाकू : हा कंटाळा म्हणजे तिच्या मनाचा दुबळेपणा नव्हे. विश्रांती म्हणून आपण जे देतो, त्यातच काहीतरी कमी आहे.

सुरुवात चरकसंहितेपासून करू. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, गर्भिणीला मध्येच रक्त दिसू लागलं तर काय करावं, हे क्रमानं सांगितलं आहे. मऊ, सुखकर, थंड अंथरुणावर तिला निजवावं, डोक्याची बाजू किंचित खाली असावी. म्हणजे आजच्या भाषेत बेडरेस्टच! पण सूचना तिथे संपत नाही. राग, शोक, श्रम यांपासून तिला जपावं आणि तिच्या मनाला रुचतील अशा सौम्य गोष्टी सांगत तिच्यापाशी बसावं, असंही तिथे आहे. हे गोष्टी सांगणं औषधांच्या शेजारी, उपचाराचाच भाग म्हणून येतं. पुढे नवव्या महिन्यात सूतिकागारात जायचं, तर तिथेही सोबतीला कोण? अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, पुष्कळ बायका. वैद्यकीय दावे म्हणून या गोष्टी आज तपासून घ्याव्या लागतील, ते वेगळं. आपल्याला महत्त्वाचं हे, की तिला निजवताना तिच्याजवळ कोण बसेल याचाही विचार केलेला आहे.

युरोपातही बाळंतिणीची खोली बंद असे, पण रिकामी नसे. ‘गॉसिप’ हा इंग्रजी शब्द मुळात धर्मनात्याच्या माणसासाठी होता. पुढे तो बाळंतपणाला जमणाऱ्या मैत्रिणी-शेजारणींसाठी वापरला जाऊ लागला. चहाडीचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

१९व्या शतकात मात्र विश्रांतीचं एक वेगळंच रूप पुढे आलं. फिलाडेल्फियाचे मज्जाविकारतज्ज्ञ सायलस वेअर मिचेल यांनी ‘विश्रांती-उपचार’ रूढ केला. त्यावरचं त्यांचं ‘फॅट अँड ब्लड’ हे पुस्तक १८७७ साली आलं. हा उपचार गरोदर बायकांसाठी नव्हता, मनानं आणि शरीरानं थकलेल्या बायकांसाठी होता. ६ ते ८ आठवडे अंथरुणात राहायचं. भरपूर दूध, मालीश, विजेचा प्रवाह. वाचन बंद, लेखन बंद, शिवण बंद, घरच्यांच्या भेटी बंद. म्हणजे पलंग ठेवला आणि गोष्ट काढून टाकली.

शार्लट पर्किन्स गिलमन या लेखिकेला १८८५ साली मुलगी झाली आणि त्यानंतर तिचं मन खचलं. १८८७ साली ती मिचेल यांच्याकडे गेली. परत पाठवताना तिला सांगण्यात आलं की घरगुती आयुष्य जगायचं, दिवसाला २ तासांहून जास्त बौद्धिक काम नाही आणि लेखणीला हात लावायचा नाही. हे तिनंच नोंदवून ठेवलं आहे. वेडाच्या कडेपर्यंत पोचल्यावर तिनं तो सल्ला झुगारला. १८९२ साली तिची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा प्रसिद्ध झाली. त्यातली बाई भिंतीवरच्या कागदाची नक्षी पाहता पाहता भान हरपते.

अंथरुणाबद्दलची शंका पुढे खुद्द वैद्यकातूनच आली. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पडून राहण्याचे धोके मांडले : रक्ताच्या गुठळ्या, झिजणारे स्नायू, कमजोर होणारी हाडं आणि खचणारं मन. १९८९ साली झिंबाब्वेतल्या हरारे इथल्या चाचणीत, जुळं असलेल्या बायकांना दाखल करून विश्रांती दिल्यानं मुदतीआधीची बाळंतपणं कमी झाली नाहीत, असं दिसलं. आज अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही सरसकट अशी विश्रांती सुचवत नाही. याचा अर्थ ऐकणाऱ्या ताईनं उद्या आपल्या मनानं उठून कामाला लागावं, असा मुळीच नाही. अर्थ इतकाच, की डॉक्टरांना नीट विचारावं : ही विश्रांती कशासाठी, किती दिवस, आणि बसणं, चालणं, जिना यांतलं काय चालेल?

आता थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. हायडेगर यांनी १९२९-३० च्या व्याख्यानांत कंटाळ्याची मीमांसा केली. त्यांचं उदाहरण साधं आहे : आडगावचं स्टेशन, गाडीला काही तास अवकाश, आणि माणूस पुन्हा पुन्हा घड्याळ पाहतोय. त्याला वेळ ढकलायचा आहे. पलंगावरच्या बाईची अडचण याहून अवघड आहे. तिला दिवस लवकर सरायला हवा आहे, आणि त्याच वेळी बाळंतपण लवकर यायला नको आहे. गेलेला प्रत्येक दिवस तिच्या अंगावर आला, तरी बाळाच्या खात्यात जमा झाला. या ताणाला आपण नुसतं ‘कंटाळा’ म्हणतो. शब्द लहान पडतो.

कुणी म्हणेल, ऊसतोड करणाऱ्या बाईला आठव्या महिन्यातही कोयता सुटत नाही, तिथे हा कंटाळा म्हणजे चोचले. पहिलं म्हणणं खरं आहे, आणि ते लाजिरवाणं आहे. पण एकीला विश्रांती मिळत नाही म्हणून दुसरीची विश्रांती आपोआप सुखाची होत नाही. बाईचं शरीर दिसतं आणि तिचं म्हणणं ऐकू येत नाही, हे दोन्हीकडे सारखंच आहे.

मग करायचं काय? इतिहास दोन गोष्टी सुचवतो. पहिली, सोबत. ‘कशी आहेस’ विचारून पाच मिनिटांत निघणारी नव्हे, तर रोज ठरलेल्या वेळी बसून वाचून दाखवणारी, घरातल्या जुन्या हकिकती सांगणारी. मोबाइल करमणूक करतो, पण मध्येच ‘मग पुढे काय झालं?’ असं तिनं विचारलं, तर तो थांबत नाही. दुसरी, काम. मिचेल यांनी नेमकं तेच काढून घेतलं होतं. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला मेथी निवडू द्या, वाती वळू द्या, दुपटं शिवू द्या, घराचा हिशेब लिहू द्या. वेळ घालवायला म्हणून नव्हे, घराला त्याची गरज आहे म्हणून. आपल्यावाचून काही अडत नाही, ही भावना कंटाळ्याचं मूळ असते.

आणि ती ‘कंटाळा आला’ म्हणाली, तर त्याग-मातृत्वावरचं प्रवचन बाजूला ठेवा. खुर्ची ओढा, बसा, आणि गोष्ट सुरू करा.