रोमन कुरियातील पहिली स्त्री प्रीफेक्ट

रोमन कुरिया, म्हणजे पोपच्या वतीने जगभरच्या कॅथलिक चर्चचा कारभार पाहणारी व्हॅटिकनमधील खाती, शतकानुशतके कार्डिनल व बिशप यांच्याच हाती राहिली. २००४ साली सिस्टर एनरिका रोझान्ना व्रतस्थांच्या, म्हणजे ब्रह्मचर्यादी व्रते घेऊन संघात राहणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या, खात्याच्या उपसचिव झाल्या. परंतु खात्याचे प्रमुखपद पुरोहितपदाची दीक्षा नसलेल्या व्यक्तीलाही देता येते, हे स्पष्ट झाले ते पोप फ्रान्सिस यांच्या २०२२च्या कुरियाविषयक संविधानाने.

१९६५ साली इटलीतील मोंझा येथे जन्मलेल्या सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला या मूळच्या परिचारिका. कॉन्सोलाता मिशनरी भगिनींच्या संघात आल्यावर त्यांनी मोझांबिकमध्ये सेवा केली, मानसशास्त्राचे उच्च अध्ययन केले आणि २०११ ते २०२३ या काळात संघाचे प्रमुखपद सांभाळले. २०२३मध्ये त्या व्रतस्थांच्या खात्याच्या सचिव झाल्या, आणि ६ जानेवारी २०२५ रोजी प्रीफेक्ट, म्हणजे खातेप्रमुख. व्रतस्थांमध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांहून कितीतरी अधिक असताना हे इतक्या उशिरा घडावे, हे नवलच. शिवाय त्यांच्यासोबत कार्डिनल आंखेल फर्नांदेस आर्तिमे यांना प्रो-प्रीफेक्ट, म्हणजे प्रीफेक्टच्या जोडीचे पदाधिकारी, नेमण्यात आले, त्यामुळे दीक्षा आणि प्रशासकीय अधिकार यांच्या संबंधाचा, म्हणजे दीक्षा नसलेल्या व्यक्तीला चर्चमध्ये असा अधिकार चालवता येतो का याचा, जुना वाद कायदेपंडितांमध्ये चालूच राहिला.