आयुष्यावर बोलू काही : चित्रपटाबाहेरच्या मराठी गाण्याची एक जोडी

‘आयुष्यावर बोलू काही’ हा कवी संदीप खरे आणि संगीतकार-गायक डॉ. सलील कुलकर्णी या पुण्याच्या जोडीचा कविता आणि गाण्यांचा कार्यक्रम. तो २००३ साली सुरू झाला आणि दोन दशके उलटल्यावरही त्याचे प्रयोग होत राहिले. आपल्या घरातली तरुण मुले ज्याला ‘इंडी पॉप’ म्हणतात, म्हणजे चित्रपटाच्या आधाराशिवाय स्वतः लिहून, स्वतः चाल लावून लोकांपुढे आणलेले गाणे, त्याचे मराठीत घरोघरी पोचलेले उदाहरण द्यायचे तर या जोडीचे द्यावे लागेल. रूढ अर्थाने हा बँड नाही. पण बँडची रीत इथे दिसते.

पूर्वपीठिका

चिक्कडपल्लीत राहणाऱ्याला चित्रपटातले गाणे आणि चित्रपटाबाहेरचे गाणे यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. जवळच आरटीसी क्रॉस रोड्सची चित्रपटगृहे आहेत आणि वस्तीतच त्यागराय गानसभा आहे. तेलुगूत आकाशवाणीने ‘ललित गीते’ लोकांपर्यंत नेली. देवुलपल्ली कृष्णशास्त्रींसारख्या कवींच्या रचना रेडिओवरून घरात आल्या.

मराठीत हे काम भावगीताने केले. १९३०च्या दशकात ना. घ. देशपांडे यांची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली आणि गाजली. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ५६ गीतांचे ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. पुढे मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि अरुण दाते यांच्या भावगीतांनी एक पिढी भारावून गेली. १९९८ मध्ये सौमित्र आणि मिलिंद इंगळे यांचा ‘गारवा’ आला व कॉलेजातली मुलेही मराठी कविता गुणगुणू लागली. म्हणजे चित्रपटाबाहेरचे गाणे ऐकण्याची सवय मराठी घरांना आधीपासूनच होती.

जोडीची घडण

संदीप खरे यांचा ‘मौनाची भाषांतरे’ हा कवितासंग्रह वाचकांना परिचित आहे. सलील कुलकर्णी वैद्यकीचे शिक्षण घेऊन संगीताकडे वळले. जुन्या भावगीतात कवी, संगीतकार आणि गायक बहुधा तीन वेगळ्या व्यक्ती असत आणि कवी क्वचितच रंगमंचावर दिसे. इथे कवी स्वतः समोर बसतो, कविता म्हणतो, गातो; चाल लावणाराही शेजारीच पेटीवर असतो. कार्यक्रमाच्याच नावाचा अल्बम, ‘नामंजूर’, ‘सांग सख्या रे’, मुलांसाठी ‘अग्गोबाई ढग्गोबाई’, ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ असे अल्बम या जोडीने दिले.

गाण्याचा बाज

पेटी, तबला, गिटार आणि कीबोर्ड एवढ्या मोजक्या वाद्यांवर हे गाणे उभे राहते. वाद्यमेळ शब्दांच्या मागे राहतो, कारण श्रोत्याला प्रत्येक ओळ पहिल्याच ऐकण्यात कळावी लागते. चाली गुणगुणता येण्याजोग्या असतात. मध्ये मध्ये नुसती कविता आणि गप्पा येतात, त्यामुळे गाणे कुठून सुचले हेही ऐकणाऱ्याला उमगते.

विषय रोजच्या जगण्यातले आहेत. ‘नसतेस घरी तू जेव्हा’ मध्ये एका माणसाविना सुने झालेले घर आहे. ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ मधला बाप कामावरून उशिरा परततो तेव्हा लेक झोपलेली असते. रात्री हायटेक सिटीहून दमून येणाऱ्या बापाला हे गाणे परक्या गावाचे वाटत नाही.

आपल्यासाठी महत्त्व

आपली मुले शाळेत इंग्रजी, रस्त्यावर तेलुगू आणि दख्खनी बोलतात. मराठी उरते ती आजी-आजोबांशी बोलण्यापुरती. अशा मुलाला जुने भावगीत गोड वाटते, पण त्यातले कितीतरी शब्द अडतात. या जोडीच्या गाण्यांत त्याला आजची, घरात बोलली जाणारी मराठी मिळते. पावसाच्या गाण्यावर नाचता नाचता पाच वर्षांचे मूल चार मराठी शब्द कायमचे उचलते. भाषा टिकवण्यासाठी वर्ग हवेतच, पण मुलाला ती स्वतःहून तोंडात घ्यावीशी वाटली पाहिजे. ते काम गाणे करते.

गाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी

गटात गाणी बसवायची असतील तर आरंभ एका कवितेपासून करावा. आधी ती मोठ्याने वाचावी, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवावे, मग चाल लावावी. गिटार किंवा पेटी, एक ठेक्याचे वाद्य आणि दोन आवाज सुरुवातीला पुरेसे आहेत. शब्द ऐकू येत नसतील तर वाद्य कमी करावे.

हक्कांचेही भान ठेवावे. भारतीय कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत कवितेचे हक्क राखीव असतात. केशवसुत (निधन १९०५) आणि बालकवी (निधन १९१८) यांच्या कवितांना नवी चाल लावायला कोणाची परवानगी लागत नाही. आजच्या कवीची मात्र आधी विचारून घ्यावी. आणि घरातच कोणी चार ओळी लिहीत असेल, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. या जोडीचीही सारी मदार स्वतःच्या शब्दांवरच आहे.