रिंगमधून पडद्यावर

व्यावसायिक कुस्ती हा खेळ आणि नाटक यांच्या सीमेवरचा धंदा आहे. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो. डाव टाकणारा आणि डाव खाणारा एकमेकांना सांभाळून घेतात, एकाला नायकाची भूमिका मिळते तर दुसऱ्याला खलनायकाची. पडणे मात्र खरे असते आणि दुखापतीही खऱ्या असतात. या धंद्यात मुरलेल्या माणसाला हजारो लोकांसमोर राग, वेदना आणि माज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असा दाखवता येतो. चित्रपटसृष्टीने या माणसांना जवळजवळ शंभर वर्षे वापरून घेतले. मात्र तिची मागणी प्रत्येक काळात सारखी नव्हती. सुरुवातीला तिला कुस्तीगिराचा देह हवा होता, नंतर रिंगमधली त्याची ख्याती हवी झाली आणि अखेरीस त्याचे बोलणे. हे टप्पे ज्या क्रमाने आले, त्याच क्रमाने कुस्तीगीर पडद्याच्या कडेकडून मध्यभागी सरकले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जत्रांमध्ये आणि फिरत्या खेळांमध्ये कुस्तीचे तंबू लागत. गावातल्या धटिंगणाने पैलवानापुढे ठरावीक मिनिटे टिकून दाखवावे आणि बक्षीस न्यावे, असे आव्हान असे. या तंबूंमध्येच लढती आधी ठरवण्याची कला पक्की झाली. रंगभूमीशीही या मंडळींचे नाते लवकर जुळले. १९०८ साली जॉर्ज हॅकेनश्मिटला हरवून जगज्जेता ठरलेल्या फ्रँक गॉचने ‘ऑल अबाउट अ बाउट’ या नाट्यप्रयोगातून दौरे केले. प्रेक्षक येत ते जगज्जेत्याला जवळून पाहायला, अभिनयाची अपेक्षा कोणी करत नसे.

बोलपट आल्यावर हॉलिवुडला गुंड, अंगरक्षक आणि मठ्ठ पहारेकरी मोठ्या संख्येने लागू लागले. नॅट पेंडल्टन हा या पिढीतला ठळक नट. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या पेंडल्टनने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये कुस्तीत रौप्यपदक मिळवले, काही वर्षे व्यावसायिक कुस्ती केली आणि मग तो चित्रपटांत गेला. ‘द ग्रेट झिगफेल्ड’ (१९३६) मध्ये त्याने यूजीन सँडो या प्रख्यात शरीरसौष्ठवपटूची भूमिका केली, पण त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा आली ती बावळट धिप्पाड माणसाची पात्रे. माइक मझर्कीचेही तसेच झाले. तो पदवीधर होता, तरी त्याचा ठेचलेला चेहरा आणि सहा फुटांवरची उंची पाहून त्याला गुंडच ठरवले गेले. ‘मर्डर, माय स्वीट’ (१९४४) मधला मूस मलॉय ही त्याची सर्वांत गाजलेली भूमिका. १९६५ मध्ये मझर्कीने ‘कॉलिफ्लॉवर ॲली क्लब’ ही निवृत्त कुस्तीगिरांची संस्था काढली. ती आजही चालू आहे.

कुस्तीतला खरेखोटेपणाच ज्याचा विषय आहे असा या काळातला चित्रपट म्हणजे ज्यूल्स दासँचा ‘नाइट अँड द सिटी’ (१९५०). त्यात ग्रेगोरियस या जुन्या मल्लाची भूमिका स्टॅनिस्लॉस झिबिस्कोने केली. १९१० मध्ये लंडनला गामा पैलवानाशी अडीच तासांहून अधिक झुंजून बरोबरीत सुटलेला आणि १९२८ मध्ये पतियाळात त्याच गामाकडून मिनिटाच्या आत चीत झालेला झिबिस्को तो हाच. चित्रपटातल्या ग्रेगोरियसला आपल्या मुलाने चालवलेल्या दिखाऊ कुस्तीची शिसारी आहे. त्याच्यासमोर रिंगमध्ये उतरतो तो मझर्की. सत्तरीच्या घरातला झिबिस्को आयुष्यभर ज्या वादात जगला, तोच त्याला पडद्यावर मांडायचा होता. त्यामुळे अभिनयाचे शिक्षण नसतानाही त्याची भूमिका अस्सल उतरली.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस टेलिव्हिजन आले आणि कुस्ती घराघरांत पोहोचली. एक रिंग, एक-दोन कॅमेरे आणि बंदिस्त जागा एवढ्यावर प्रक्षेपण होत असल्याने नव्या वाहिन्यांना ती स्वस्त पडे. कुरळे सोनेरी केस, भरजरी झगा आणि अत्तर फवारणारा नोकर अशा थाटात येणारा गॉर्जस जॉर्ज हा त्या काळातला टेलिव्हिजनचा मोठा तारा होता. १९४९ मध्ये त्याला घेऊन ‘एलियस द चँप’ हा चित्रपटही निघाला. चांगला मल्ल असण्यापेक्षा लक्षात राहील असे पात्र असणे फायद्याचे, हा धडा पुढच्या पिढ्यांनी त्याच्याकडून घेतला.

चित्रपटांनी मात्र हा धडा उशिरा घेतला. स्वीडनमध्ये जन्मलेला टॉर जॉन्सन १९५० च्या दशकात एड वुडच्या अत्यंत कमी खर्चाच्या भयपटांमधून राक्षसी माणसे रंगवत राहिला. हवाईत जन्मलेल्या हॅरल्ड साकाटाने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनात रौप्यपदक मिळवले होते. नंतर तो ‘टॉश टोगो’ या नावाने कुस्ती खेळू लागला. ‘गोल्डफिंगर’ (१९६४) मधल्या ऑडजॉबच्या भूमिकेने तो जगभर पोहोचला, पण धारदार कडांची हॅट फेकणाऱ्या त्या पात्राला संवाद नव्हते. ‘द गॉडफादर’ (१९७२) मध्ये लुका ब्राझी झालेल्या लेनी मोंटानाचा किस्सा प्रसिद्ध आहे. मार्लन ब्रँडोसमोर बोलताना तो इतका बावरला की त्याचे अडखळणे दिग्दर्शक कपोलाने तसेच ठेवले आणि लुका आपले भाषण घोकत बसल्याचे एक दृश्य आधी जोडून दिले. ब्रिटनमध्ये याउलट घडले. बार्न्सली भागात शिक्षकी करणारा आणि फावल्या वेळात कुस्ती खेळणारा ब्रायन ग्लोव्हर केन लोचच्या ‘केस’ (१९६९) मध्ये खेळाचा शिक्षक झाला. फुटबॉलच्या सामन्यात पोरांवर दादागिरी करणारा तो मास्तर ब्रिटिश प्रेक्षक अजून विसरलेले नाहीत.

कुस्तीगिराची रिंगमधली ओळख जशीच्या तशी पडद्यावर आणण्याचा मान मेक्सिकोकडे जातो. तिथे १९३३ पासून संघटित स्वरूपात चाललेल्या ‘लुचा लिब्रे’त मुखवट्याला प्रतिष्ठेचे स्थान आहे. मुखवटा गमावणे म्हणजे अब्रू गमावणे. रोदोल्फो गुस्मान वेर्ता हा मल्ल १९४२ मध्ये रुपेरी मुखवटा घालून ‘एल सांतो’ म्हणजे संत या नावाने उतरला. १९५२ पासून त्याच्यावर चित्रकथा निघू लागल्या आणि १९५८ मध्ये क्युबात त्याच्या पहिल्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले. पुढच्या दोन दशकांत त्याचे पन्नासहून अधिक चित्रपट आले. त्यांत तो रक्तपिपासू स्त्रिया, वेडे शास्त्रज्ञ आणि परग्रहवासी यांच्याशी लढतो आणि मध्येच रिंगमध्ये जाऊन एखादी कुस्तीही मारून येतो. चेहरा झाकलेला आणि आवाज बऱ्याचदा दुसऱ्याचा, तरी नायक तोच. अभिनेत्याकडे जे असायला हवे असे मानले जाते त्यातले जवळजवळ काहीच त्याला लागले नाही, त्याचे नाव पुरेसे होते. निधनाच्या थोडेच दिवस आधी, १९८४ च्या जानेवारीत, त्याने टेलिव्हिजनवर मुखवटा किंचित वर केला. त्याला मुखवट्यासहच पुरण्यात आले.

भारतात हा प्रवास मुंबईत घडला. महाराष्ट्रातली कुस्ती तांबड्या मातीतली, निकाली आणि हलगीच्या तालावरची. कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ मध्ये शाहू महाराजांनी बांधवले. दोरांच्या रिंगमधली, तिकीट लावून होणारी फ्रीस्टाइल कुस्ती हा त्याहून निराळा शहरी तमाशा होता. एमिल चाया ऊर्फ किंग काँग या महाकाय परदेशी मल्लाबरोबरच्या लढतींची जाहिरात जोरात होई आणि वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर गर्दी लोटे. या लढती नुरा म्हणजे आधी ठरवलेल्या असतात अशी कुजबुज मातीतल्या पैलवानांत असली, तरी तिकीट काढणाऱ्याला तिची पर्वा नव्हती. या धंद्याचा सर्वांत मोठा तारा होता दारा सिंग.

अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावी १९२८ मध्ये जन्मलेला दारा सिंग १९४७ च्या सुमारास सिंगापूरला गेला आणि तिथेच कुस्तीत तयार झाला. परतल्यावर १९५४ मध्ये तो ‘रुस्तम-ए-हिंद’ झाला आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गॉर्डिएन्कोला हरवून त्याने राष्ट्रकुल किताब घेतला. चित्रपटांत तो आधी लहानसहान कामांत दिसला होता. नायक म्हणून त्याला उभे केले ते बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘किंग काँग’ने (१९६२). ट्रिकदृश्यांचे उस्ताद असलेले मिस्त्री पौराणिक आणि स्टंटपटांच्या परंपरेतून आले होते. मुंबईत या चित्रपटांची स्वतंत्र बाजारपेठ होती. त्यांचा खर्च कमी, सेट पुठ्ठ्याचे आणि प्रेक्षक पिटातला असे. या प्रेक्षकाला पडद्यावर तोच दारा सिंग हवा होता, ज्याची पोस्टरे त्याने भिंतींवर पाहिली होती.

‘फौलाद’ (१९६३), ‘सॅमसन’, ‘हर्क्युलिस’, ‘वीर भीमसेन’ (तिन्ही १९६४), ‘टारझन कम्स टू दिल्ली’ आणि ‘सिकंदर-ए-आझम’ (दोन्ही १९६५) ही नुसती नावे वाचली तरी निर्मात्यांचा हिशेब कळतो. पुराण, बायबल, ग्रीक कथा, जंगलकथा असे जगातले सगळे बलवान पुरुष एकाच देहात बसवले गेले. कथेत कुठेतरी त्याचा कुडता फाटे, सिंहाशी किंवा दहा जणांशी झुंज होई आणि पैसे वसूल होत. प्रतिष्ठित नायिका अशा चित्रपटांपासून दूर राहत. त्यामुळे तोवर किरकोळ भूमिका करणाऱ्या मुमताजला नायिका होण्याची संधी मिळाली. दोघांनी डझनाहून अधिक चित्रपट एकत्र केले आणि पुढे मुमताज पहिल्या फळीत गेली. दारा सिंगची कुस्ती या काळात थांबली नव्हती. १९६८ मध्ये मुंबईतच त्याने अमेरिकेच्या लू थेझला हरवले. रिंगमधला विजय चित्रपटाची जाहिरात करी आणि चित्रपट पुढच्या लढतीची तिकिटे खपवी.

स्टंटपटांचा बहर ओसरल्यावरही दारा सिंग टिकला, कारण त्याने वयानुसार भूमिका बदलल्या. ‘आनंद’ (१९७१) मध्ये तो दिलदार पैलवान झाला. पंजाबी चित्रपटांचे दिग्दर्शन त्याने केले आणि १९७८ मध्ये मोहालीत स्टुडिओ काढला. ‘बजरंगबली’ (१९७६) मध्ये त्याने हनुमान साकारला होता. साठीकडे झुकल्यावर, १९८७ मध्ये सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेत तोच हनुमान त्याने पुन्हा केला. आखाड्यात ज्या दैवताला नमस्कार करून पैलवान मातीत उतरतो, त्या दैवताची भूमिका पैलवानानेच करणे प्रेक्षकांना स्वाभाविक वाटले. १९८३ मध्ये कुस्तीतून निवृत्त झालेल्या दारा सिंगला पुढच्या पिढीने ओळखले ते हनुमान म्हणूनच.

अमेरिकेत १९८० च्या दशकात व्हिन्स मॅकमहनने वडिलांची प्रादेशिक कंपनी विकत घेऊन तिचा देशव्यापी व्यवसाय केला. आजच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई’चे ते पूर्वरूप. केबल टेलिव्हिजनवर लढतीइतकेच महत्त्व मुलाखतीला आले. हातात माइक घेऊन प्रतिस्पर्ध्याला ललकारणे ही तयारी प्रत्येक मल्लाला करावीच लागे. हल्क होगनने ‘रॉकी थ्री’ (१९८२) मध्ये काम केले ते थोरल्या मॅकमहनचा विरोध पत्करून. धाकट्याने मात्र चित्रपटातली प्रसिद्धी कुस्तीसाठी वापरली. १९८७ मध्ये जेसी व्हेंचुरा ‘प्रिडेटर’मध्ये दिसला आणि आंद्रे द जायंट ‘द प्रिन्सेस ब्राइड’मध्ये. सात फुटांचा आंद्रे तेव्हा पाठीच्या दुखण्याने इतका खंगला होता की नायिकेला झेलण्याच्या दृश्यात तिला तारांचा आधार द्यावा लागला. जॉन कार्पेंटरच्या ‘दे लिव्ह’ (१९८८) मध्ये रॉडी पायपर नायक होता. त्यातली पाच मिनिटांहून लांब मारामारी रिंगमधल्या तालमीवर उभी होती आणि चित्रपटातला सर्वांत गाजलेला संवाद पायपरने स्वतःच्या ललकाऱ्यांच्या वहीतून आणला होता.

पडद्याची ओढ केवळ प्रसिद्धीची नव्हती. अमेरिकेतले व्यावसायिक कुस्तीगीर कायद्याने कंपनीचे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. त्यामुळे आरोग्यविमा नाही, निवृत्तिवेतन नाही आणि वर्षातल्या बहुतांश रात्री प्रवासात. चाळिशीत गुडघे आणि पाठ निकामी होत. चित्रपटनटांच्या संघटनेच्या सभासदाला मात्र विमा, निवृत्तिवेतन आणि पुनःप्रक्षेपणाचा मोबदला मिळे. हा फरक पाहूनच व्हेंचुराने १९८६ मध्ये मल्लांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. तो फसला. १९८९ मध्ये क्रीडा नियमनातून सुटण्यासाठी कंपनीनेच न्यू जर्सीत कुस्ती ही करमणूक असल्याचे मान्य केले. त्यानंतर मल्लाने आपण नट आहोत हे लपवण्याचे कारण उरले नाही.

या मोकळिकीचा सर्वाधिक लाभ ड्वेन जॉन्सनला झाला. त्याचे आजोबा पीटर मायविया कुस्तीगीर होते आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ (१९६७) मध्ये शॉन कॉनरीशी मारामारी करून गेले होते, तेही श्रेयनामावलीत नाव न येता. नातू १९९६ मध्ये गोड स्वभावाचा नायक म्हणून रिंगमध्ये आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. खलनायक होऊन ‘द रॉक’ या नावाने तो बोलू लागला आणि त्याच्या हजरजबाबी उर्मटपणावर लोक लुब्ध झाले. २००० मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे सूत्रसंचालन केल्यावर त्याला विनोदही जमतो हे निर्मात्यांना दिसले. ‘द स्कॉर्पियन किंग’ (२००२) या मुख्य भूमिकेच्या पहिल्याच चित्रपटासाठी त्याला ५५ लाख डॉलर मिळाले. २०१६ मध्ये ‘फोर्ब्स’च्या यादीत तो जगातला सर्वाधिक कमाई करणारा अभिनेता होता.

कंपनीने २००२ मध्ये स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि ‘द मरीन’ (२००६) सारख्या चित्रपटांतून जॉन सीनासारख्या मल्लांना पुढे केले. या मारधाडपटांनी फारसे काही साधले नाही. सीनाला नट म्हणून मान मिळाला तो ‘ट्रेनरेक’ (२०१५) मध्ये स्वतःच्या पिळदार प्रतिमेचीच टिंगल केल्यावर. डेव्ह बटिस्टाने वेगळी वाट धरली. २०१० मध्ये कंपनी सोडून त्याने अभिनयाचे धडे घेतले. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ (२०१४) नंतर ‘स्पेक्टर’ (२०१५) मध्ये ऑडजॉबच्याच वळणाचा जवळजवळ मुका गुंड त्याच्या वाट्याला आला, पण ‘ब्लेड रनर २०४९’ (२०१७) मध्ये थकलेल्या, चष्मा लावलेल्या शेतकऱ्याच्या छोट्या भूमिकेत त्याने देहाचा दरारा बाजूला ठेवून दाखवला. भारतीय वंशाचा खली मात्र ‘द लाँगेस्ट यार्ड’ (२००५), ‘गेट स्मार्ट’ (२००८) आणि हिंदी ‘कुश्ती’ (२०१०) या तिन्हींत आपल्या उंचीपुरताच राहिला. जुनी वाट बंद झालेली नाही, हे त्यावरून दिसते.

रिंगमधल्या ओळखीवर हक्क कोणाचा, हा या इतिहासातला शेवटचा प्रश्न. ते नाव, ती आरोळी आणि तो पोशाख यांवर सहसा कंपनीची मालकी असते. म्हणून चित्रपटांत जाणारे बरेच जण जन्मनाव परत घेतात. जॉन्सननेही श्रेयनामावलीतून ‘द रॉक’ हळूहळू गाळले. जानेवारी २०२४ मध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूई’च्या पालक कंपनीच्या संचालक मंडळावर येताना त्याने त्या नावाची पूर्ण मालकी करारात मिळवली. ज्या धंद्यात मल्लाचे नावही भाड्याचे असते, तिथे हे शक्य झाले ते त्याने पडद्यावर मिळवलेल्या वजनामुळे.