भाच्याचा प्रश्न आणि जुने डबे

परवा ताईच्या मुलाचा फोन आला. "मामा, एक जुना कन्सोल घ्यायचाय आणि मॉड करायचाय. कुठला घेऊ?"

हे वाचणाऱ्या काकू-मावश्यांसाठी आधी दोन ओळी. टीव्हीला जोडून गेम खेळायचा जो डबा असतो, तो कन्सोल. तो उघडून (किंवा न उघडता, नुसत्या एखाद्या फाइलच्या जोरावर) कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळं काम त्याच्याकडून करून घ्यायचं, हे झालं मॉड. कुणी त्यात मोठी हार्डडिस्क बसवतं, कुणी दुसऱ्या देशातला गेम चालवतं, कुणी मोडक्या सीडी ड्राइव्हच्या जागी मेमरी कार्ड लावतं.

"उद्या सांगतो," म्हणालो. त्याला आता पंधरा दिवस होऊन गेले. उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न किमतीचा किंवा गेमचा फारसा नाहीच. त्या डब्याला कंपनीने कुलूप कसं लावलं होतं आणि ते पुढे कुणी, कसं उघडलं, यावरच सगळं अवलंबून आहे. म्हणजे इतिहास आला. आणि माझ्या बाबतीत त्या इतिहासात १९९४ सालची एक गोष्ट आहे, जी मी घरात आजवर कुणालाच सांगितली नव्हती. ती शेवटी सांगतो.

आमच्या सांगलीच्या घरात पहिला व्हिडिओ गेम आला १९९३ च्या दिवाळीत, बाबांच्या बोनसमधून. दोन रिमोट (कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो), एक बंदूक आणि एक 'कॅसेट'. अँटेनाची वायर काढून तिथे गेमची वायर लावायची आणि चॅनेल जुळेपर्यंत टीव्हीची खुंटी पिळत बसायचं. मारिओ आणि कॉन्ट्रा. एक नंबरचा रिमोट माझा, दोन नंबरचा ताईचा. दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं, त्यामुळे खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा हे कायम माझ्या हातात. ताई दोन वर्षांनी मोठी असून!

तो डबा जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. खरा फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला, किंमत १४,८०० येन. त्याला कुलूप नव्हतं. कॅसेटच्या ६० पिना खाचेत बसल्या की गेम चालू, मग ती कॅसेट कुणीही बनवलेली असो. म्हणून तर त्याच्या नकला जगभर पसरल्या. रशियात १९९२ पासून 'डेंडी' या नावाने, आपल्याकडे 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांनी. रीतसर आलेल्या परदेशी मालाचं काय होतं, तर १९९५ मध्ये सेगाने शॉ वॉलेसबरोबर मेगा ड्राइव्ह भारतात आणला तो १८,००० रुपयांच्या घरात. बाबांचा बोनस सोडा, तीन-चार महिन्यांचा पगार झाला तो. आमच्या पिढीने मारिओ पाहिला तो नकलांमुळे, हे कबूल करायला हवं.

कुलूप आलं अमेरिकेत. १९८३ च्या सुमारास तिथला गेमचा बाजार कोसळला होता. कुणीही उठून भिकार गेम काढत होतं आणि दुकानांत त्यांचे ढीग पडले होते. त्यामुळे १९८५ मध्ये निन्टेंडोने तोच डबा नव्या पेटीत अमेरिकेत नेला, तेव्हा त्यात एक जादा चिप घातली. डब्यात एक, कॅसेटमध्ये एक. दोघींचं बोलणं जुळलं तरच गेम चालायचा, नाहीतर दर सेकंदाला डबा स्वतःला रीसेट करायचा. कॅसेट बनवायची तर निन्टेंडोकडून परवाना घ्यावा लागे, हा त्यातला खरा फायदा. आता गंमत बघा. त्या अमेरिकन डब्यातली कॅसेटची खाच थोडी सैल झाली की चिपांचं बोलणं तुटायचं आणि लाल दिवा लुकलुकत बसायचा. गेम अस्सल, विकत घेतलेला, तरी चालेना! पुढे लोकांनी शोधून काढलं की डब्यातल्या त्या चिपची चार नंबरची पिन कापली की ती गप्प बसते. आजही तो डबा घेणारे हौशी लोक पहिलं काम हेच करतात.

मग आल्या सीड्या. सोनीचं पहिलं प्लेस्टेशन जपानात डिसेंबर १९९४ मध्ये आलं. सीडीची नक्कल करणं सोपं, म्हणून सोनीने कुलूप डिस्कच्या खाचेतच लपवलं. अस्सल डिस्कच्या सुरुवातीच्या भागात खाच किंचित नागमोडी असते आणि त्या नागमोडीत चार अक्षरं लिहिलेली असतात. जपानची वेगळी, अमेरिकेची वेगळी, युरोपची वेगळी. घरचा सीडी रायटर ती नागमोड काढू शकत नाही. यावरचा उपाय म्हणजे मॉडचिप, एक छोटीशी चिप जी तीच चार अक्षरं आतल्या आत यंत्राला ऐकवत राहते. माझ्या पाहण्यातली बहुतेक सगळी प्लेस्टेशनं चिप लावूनच विकली जात. पहिला आणि मोठा उपयोग चोरीच्या सीड्या चालवणं हाच होता, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण जपानहून रीतसर घेतलेला गेम इथल्या यंत्रावर चालवायला सुद्धा तीच चिप लागे. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद गेला आणि निकाल सोनीच्या विरुद्ध लागला. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात असलं कुलूप तोडण्याबद्दलचं कलम आलं, पण ते हक्कभंगाच्या हेतूने तोडण्याबद्दल आहे. भाच्याला मी हे मुद्दाम सांगितलं. डबा तुझा, उघड खुशाल. गेम मात्र विकत घेतलेला असू दे.

सेगाच्या ड्रीमकास्टची (१९९८) कथा तर करुण आहे. सेगाने स्वतःची एक गीगाबाइटची खास डिस्क काढली, तिची नक्कल कुणाला जमेना. पण गाण्यांबरोबर चित्रं दाखवणाऱ्या 'मिल-सीडी' नावाच्या प्रकारासाठी साध्या सीडीवरून सुरू व्हायची एक वाट ठेवली होती. पुढचा दरवाजा पोलादी, आणि मागची खिडकी उघडी. २००० साली तिथूनच लोक आत शिरले. त्यांना चिपही लागली नाही की स्क्रूड्रायव्हर. मार्च २००१ मध्ये सेगाने ड्रीमकास्ट बनवणं थांबवलं (कारणं आणखीही होती, प्लेस्टेशन-टूचा धसका हे मोठं). पण हाच डबा आज हौशी लोकांचा लाडका आहे. लेसर गेला तर त्या जागी मेमरी कार्ड लावायचा बोर्ड मिळतो आणि त्याच्यासाठी घरगुती गेम अजून लिहिले जातात.

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स (नोव्हेंबर २००१) म्हणजे खरं तर एक पीसीच होता. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, आत हार्डडिस्क. किल्ली एका चिपच्या पोटात दडवलेली. अँड्र्यू हुआंग नावाचा एमआयटीचा विद्यार्थी होता, त्याला सगळे 'बनी' म्हणतात. त्याच्या लक्षात आलं की किल्ली चिपमध्ये कितीही लपवली तरी चालू होताना ती एका चिपकडून दुसरीकडे तारांवरून जातेच. २००२ मध्ये त्याने त्या तारांवर स्वतः बनवलेला बोर्ड डकवून ती जाता जाता टिपली. त्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक कायद्याच्या धास्तीने मूळ प्रकाशकाने सोडून दिलं, तर पठ्ठ्याने २००३ मध्ये स्वतःच काढलं. त्या उघडलेल्या डब्यासाठी लोकांनी सिनेमे-गाणी लावायचा एक प्रोग्राम लिहिला, एक्सबॉक्स मीडिया सेंटर. २०१४ मध्ये त्याचं नाव बदलून 'कोडी' झालं. तुमच्यापैकी कुणाच्या टीव्हीवर कोडी असेल तर त्याचं मूळ गाव हे.

एक्सबॉक्सची अजून एक गोष्ट मला फार लागून राहिली आहे. त्यात घड्याळाची वेळ टिकवायला एक छोटा कपॅसिटर आहे. डबा भिंतीवरून काढला तर काही तास घड्याळ चालू राहावं, एवढंच त्याचं काम. वीसेक वर्षांत तो फुटतो आणि त्यातला द्रव पसरून बोर्डच्या तारा खाऊन टाकतो. (शेवटच्या आवृत्तीत वेगळा बसवला होता, ती बचावते.) कपाटात जपून, कापडात गुंडाळून ठेवलेला डबा आतून मरतो, आणि ज्याने तो उघडून तो कपॅसिटर काढला त्याचा चालतो. नुकसान काय, तर दर वेळी घड्याळ लावावं लागतं.

आता राहिले दोन. निन्टेंडोचा 'वी' २००६ चा, म्हणजे भाच्याच्याच वयाचा. त्याच्या मेमरीचा बंद भाग वाचायला काही पोरांनी चक्क चिमटा वापरला, बोर्डवरच्या दोन बिंदूंना टेकवून! पुढे २००८ मध्ये झेल्डाच्या गेममध्ये घोड्याचं नाव प्रमाणाबाहेर लांब ठेवून आत शिरायची युक्ती निघाली. २०११ पासून तर मेमरी कार्डवर एक पत्र घालून ते वीच्या निरोपाच्या फळ्यावर उघडलं की काम होतं. या शेवटच्या दोन्ही युक्त्या डबा न उघडता.

आणि प्लेस्टेशन-टू. मार्च २००० मध्ये आलं, २०१३ पर्यंत बनत राहिलं, साडेपंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं. आपल्याकडे ते इतकं रुळलं की २००९ मध्ये 'हनुमान: बॉय वॉरियर' हा इथेच बनलेला गेम त्याच्यासाठी निघाला. सोनीने मेमरी कार्डवरून सुधारणा घालता यावी म्हणून एक सोय ठेवली होती. २००८ मध्ये तीच वाट धरून लोकांनी 'फ्री एमसी बूट' काढलं. एक तयार मेमरी कार्ड खोचलं की कुलूप गळून पडतं (अगदी शेवटचे सडपातळ डबे सोडून). जाड मॉडेलला मागे नेटवर्क अडॅप्टर लावला की आत चक्क पीसीची हार्डडिस्क बसते.

तर भाच्याला सल्ला असा. स्क्रूड्रायव्हर हातात धरायचाच नसेल तर वी. सोल्डरिंग शिकायचं असेल आणि मन दगडाचं असेल तर एक्सबॉक्स. पण इथे राहून घ्यायचा तर जाड प्लेस्टेशन-टू, भारतात विकलेला. कारण जपानचे डबे १०० व्होल्टचे, अमेरिकेचे १२० चे. आपल्या २३० मध्ये नुसते खोचले तर संपलं. घेताना चालू करून दाखव म्हणायचं आणि निळी सीडी अन् चंदेरी डीव्हीडी दोन्ही लावून बघायच्या, कारण एक वाचतो आणि दुसरी वाचत नाही असा लेसर पुष्कळदा निघतो. बाहेरचा रंग-ओरखडे बघू नकोस.

त्यावर तो म्हणाला, "आणि बिघडवला तर?"

इथे १९९४ येतं. मे महिन्याची सुट्टी होती. गेमच्या अडॅप्टरची वायर तुटली, म्हणून दुपारी सगळे झोपलेले असताना मी बाबांच्या टेपरेकॉर्डरचा अडॅप्टर लावला. पिन नीट बसली. पण गेमला आतून ऋण आणि बाहेरून धन लागायचं, याचं नेमकं उलट. बारीकसा 'टक्' आवाज, जळका वास. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि तुटकी वायर दाताने सोलून, पीळ देऊन, चिकटपट्टीने जोडली. संध्याकाळी ताईने चालू करायला बटण दाबलं. डबा बंद. तिने दाबलं म्हणून बिघडला, असं ठरलं. पाहुणे होते घरात, त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, मुलींनी कशाला असल्या वस्तूंना हात लावायचा. मी तिथेच होतो. काही बोललो नाही. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, "बोर्ड गेला." डबा भंगारात गेला. ताईने नंतर कुठल्याच गेमला हात लावला नाही.

मागच्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात तसलाच एक बंद डबा मिळाला. उघडला. आत पाच व्होल्ट तयार करणारा एक तीन पायांचा भाग असतो, ७८०५ नावाचा. उलटा अडॅप्टर लावला की बहुतेक वेळा तो जातो. तपकीर गल्लीत तो आजही चहाच्या पैशात मिळतो. नवा बसवला. मारिओचं संगीत सुरू झालं आणि मी सोल्डरिंग आयर्न हातात धरून तसाच बसून राहिलो.

मग ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "दिवाळीला तो डबा घेऊन ये. एक नंबरचा रिमोट माझा." आणि फोन ठेवता ठेवता, "आईला तूच सांग."

आईला अजून सांगितलेलं नाही. ती हे वाचत नाही, पण तुमच्यापैकी निम्मे तिला रोज फोन करता. उद्या सकाळपर्यंत थांबा, एवढीच विनंती. आधी मला सांगू दे. :)